बाबांचा चहा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुंग्या

तीर्थरूप आत्यास, एके काळच्या लाडक्या भाचीचा वाकून नमस्कार.

“चमचा घे, तिरका कर आणि बघ. घट्ट की पातळ एवढं कळायला विद्यापीठ कशाला लागतं गं?” असं तू मला म्हणाली होतीस, आठवतं? पदार्थ कसे दबतात, ताणले जातात आणि वाहतात याचं शास्त्र मी नुकतं शिकायला घेतलं होतं आणि घरात दिसेल त्याला ते समजावून सांगत सुटले होते. बाबा म्हणाले, छान आहे. आई म्हणाली, पोटापाण्याचं होईल ना? तू एकटीने सगळं नीट ऐकून घेतलंस, चपला घातल्यास आणि दाराच्या चौकटीला हात टेकून हे वाक्य बोलून निघून गेलीस. मला तेव्हा फार राग आला होता. हल्ली ते वाक्य दिवसातून अनेकदा आठवतं, आणि दर वेळी माझ्या हातात खरोखरच तिरका धरलेला चमचा असतो. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी तू कशी आहेस ते सांग. गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून प्रत्येक पायरीला शिव्या देतेस, की आता पायऱ्याच सुधारल्या? बोका तुझ्या शिवणयंत्रावर झोपतो असं मागे ऐकलं होतं, अजून झोपतो का? (शाळेत मुलींना एक टाका वाकडा गेला तर सगळी ओळ उसवायला लावणाऱ्या बाईच्या यंत्रावर मांजर झोपतं, हे मला फार आवडलं होतं.) फोन करून विचारलं असतं, पण आमचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. पत्राला नंबर नसतो. अक्षर ओळखून न फोडताच ठेवून देशील की काय अशी भीती होती, म्हणून पाकिटावरचा पत्ता ऑफिसातल्या बाईंकडून लिहून घेतलाय. तेव्हा फोडलंच आहेस तर वाच.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे. इकडे आम्ही दोघंच आणि दोघंही ठीक नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आला हे तुला कोणीतरी कळवलं असेलच. (आपल्या नात्यात चांगली बातमी पायी जाते आणि वाईट बातमी बसने.) हात बराच परत आला. काठी धरून चालतात. बोलता येतं, पण बोलत नाहीत. आयुष्यभर बसस्थानकावर कोणती गाडी कुठे लागली हे अख्ख्या गावाला ऐकवणारा माणूस आता मान हलवून हो-नाही सांगतो. आणि मुख्य म्हणजे गिळणं बिघडलं. पाणी, आत्या, फार घाईचं असतं. जिभेवरून सुटलं की घशाशी पोचायला त्याला वेळ लागत नाही, आणि बाबांच्या घशाला दार लावायला आता वेळ लागतो. दार लागायच्या आत पाणी चुकीच्या खोलीत शिरतं, म्हणजे फुप्फुसात. म्हणून डॉक्टरांनी पाणी, चहा, सूप सगळं घट्ट करून द्यायला सांगितलं. घट्ट पदार्थ सावकाश येतो, दाराला वेळ मिळतो. इतकं साधं. आणि बाबा ते पीत नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंत आपणहून पुरेसं प्यायला लागले नाहीत, तर नाकातून नळी घालणार आहेत. नळी हा शब्द ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकी पुसायला घेतली.

आता माझी फजिती बघ. इतकी वर्षं मी रंगाच्या कारखान्यात याच एका प्रश्नावर पगार घेते आहे. रंग ब्रशखाली वाहायला हवा आणि भिंतीवर गेला की थांबायला हवा. ओघळला तर गिऱ्हाईक ओरडतं, चिकटून बसला तर रंगारी. त्यासाठी आम्ही त्यात नाना तऱ्हेचे डिंक घालतो आणि यंत्रावर तपासतो. यंत्र म्हणजे दोन चकत्या; मध्ये थेंब ठेवायचा, वरची चकती फिरवायची आणि थेंब किती विरोध करतो ते बघायचं. (आपल्या घरात हे काम जेवणाच्या टेबलावर व्हायचं.) बाबांच्या चहात घालायची पावडर आणली, पाकीट वाचलं, तर आत आमच्याच रंगातल्या डिंकाचा सख्खा भाऊ! मला इतका धीर आला म्हणून सांगू. म्हटलं, जगात काहीच जमलं नाही तरी हे मला जमणार. देवाने माझ्यापुरतं आणि माझ्याच विषयातलं संकट पाठवलंय.

पहिल्याच दिवशी फोन वाजला. पावडर घालून ढवळलेला चहा मी टेबलावर ठेवला आणि बोलायला गेले. शांत ठेवला की तो घट्ट होत जातो, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. परत आले तर कपात चमचा सरळ उभा होता, न टेकता, एखाद्या पुतळ्यासारखा. बाबा त्याच्याकडे बघत बसले होते. खूप दिवसांनी बोलले. म्हणाले, “हा आता वीटभट्टीत दे.” आणि भिंतीकडे तोंड केलं. मला हसू आलं, मग रडू आलं, मग मी तो चहा मोरीत ओतायला गेले तर तो ओतलाही जाईना. कप उपडा करून बराच वेळ उभी राहिले. आमच्या शास्त्रात पहिल्याच तासाला सांगतात की सगळं वाहतं, फक्त बघणाऱ्याकडे वेळ हवा. कॉलेजात एका नरसाळ्यात डांबराचा गोळा ठेवला होता; तोही वाहतो आहे असं सर सांगायचे. मी होते तोवर एक थेंब पडला नाही. मी कॉलेज सोडलं आणि पडला म्हणे. माझं नशीब तिथेच कळायला हवं होतं.

मग गिळायला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. (त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, मी मनातल्या मनात त्यांना गिळणंबाई म्हणते.) मी त्यांना माझे आकडे सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं, पर्समधून चमचा काढला, माझ्या चहात बुडवला, तिरका धरला. म्हणाल्या, “हं. असा सलग, सावकाश उतरला पाहिजे. हा उतरतच नाही, बघा.” शपथेवर सांगते आत्या, मी दाराकडे वळून पाहिलं. मला वाटलं, तू चौकटीला हात टेकून उभी असशील.

पण मीही तुझीच भाची. चमच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे पदवी परत करण्यासारखं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बाबांचा चहा बाटलीत भरून कारखान्यात नेला. चांगला चहा, दूध घातलेला, साखर घातलेली, पावडर मोजून घातलेली. यंत्रावर तपासला. सुंदर आलेख आला, इतका की मी त्याची प्रत घरी न्यायला काढली. (बाबांना दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली आणि तिच्यावर चष्मा ठेवला.) उरलेला चहा झाकणाच्या भांड्यात ठेवला, त्यावर चिठ्ठी लावली, “बाबा, दुपारचा”, आणि विक्री विभागाच्या लांबलचक बैठकीसाठी वरच्या मजल्यावर गेले.

आमच्याकडे नमुन्याचे रंग फळीवर मारून बघणाऱ्या एक बाई आहेत. अत्यंत कामसू. टेबलावर भांडं दिसलं की त्यातलं फळीवर जातं; असं का, हे त्या विचारत नाहीत. आमच्या विक्री विभागाने मागच्याच महिन्यात एका करड्या रंगाचं नाव “मौन” ठेवलं होतं, त्यामुळे “बाबा, दुपारचा” हे नाव त्यांना मुळीच विचित्र वाटलं नाही. त्यांनी ब्रश घेतला आणि माझ्या बापाचा चहा हात मारून फळीवर लावला. एकच हात नाही, दोन. आणि आत्या, तो बसला. मी आयुष्यात केलेल्या कुठल्याही रंगापेक्षा चांगला बसला. आमचे साहेब तिथून जाताना थांबले. फळी उभी केली, आडवी केली. म्हणाले, “ओघळ नाही. ब्रशची रेघ नाही. कोणाचं काम हे?” बाईंनी माझं नाव सांगितलं. मी परत येईपर्यंत माझा बाप तिसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर, भिंतीवर लागला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण साहेबांनी पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, “उबदार आहे हा रंग. घरासारखा वाटतो.” मी गप्प बसले. येता-जाता त्या फळीकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं, हे कोणाला सांगण्यासारखं नाही पण तुला सांगते. घरी ज्या चहाला कोणी ओठ लावत नव्हतं त्याचं इथे कौतुक चाललं होतं. मग मुंग्या आल्या. आधी एक ओळ, जिन्याच्या कठड्यावरून. मग फळीची चौकट काळी झाली. मग पाहुणे उभे राहायला लागले. साहेबांनी बैठक बोलावली. विषय, तिसऱ्या मजल्यावरची स्वच्छता. सफाईवाल्यांच्या मुकादमाला सगळे बोलत होते आणि तो बिचारा म्हणत होता, साहेब, तिथे खायचं काहीच नाही हो. माझ्याने ते बघवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, तो चहा आहे.

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी बराच वेळ पेन टेबलावर फिरवलं. मग विचारलं, “दूध होतं त्यात?” हो म्हटलं. “साखर?” हो. मग ते म्हणाले, “मग? पितात का वडील?” या प्रश्नाची माझी तयारी नव्हती, आत्या. झापतील, लेखी द्यायला लावतील, एवढीच तयारी होती. मी म्हटलं, “नाही. भिंत प्यायली, मुंग्या प्यायल्या. ते पीत नाहीत.” आणि सगळ्यांसमोर, मुकादमासमोर, हुंदके देऊन रडले. माझा रुमाल पुरला नाही तेव्हा नमुना-बाईंनी ब्रश पुसायचं फडकं पुढे केलं. त्याला टर्पेंटाइनचा वास होता, आणखी रडले. ऑफिसात रडू नये असं तू मला शिकवलं होतंस. तेही गेलं.

आता हातात काय उरलं? चहा मी अचूक करते. चमचा तिरका करते, सलग उतरतो, गिळणंबाई मान डोलावतात. आणि बाबा कप बघतात, मला बघतात आणि भिंतीकडे वळतात. मी गोड बोलून पाहिलं. आईची आठवण काढून पाहिली (ते फार वाईट झालं, दोघांनाही). आमच्या विषयात असे पदार्थ असतात. हळूहळू ढकललं तर हलत नाहीत, अजून जरा ढकललं तरी हलत नाहीत, कितीही प्रेमाने ढकलत राहिलं तरी जागचे हलत नाहीत. पण एका ठरावीक जोराच्या पलीकडे गेलं की एकदम पाण्यासारखे वाहतात. टूथपेस्ट तशीच, आमचा रंग तसाच. मला बाप ओळखायला एवढा वेळ लागला याची लाज वाटते, कारण मी त्याच वर्गात पहिली आले होते.

ते ओळखलं असं. एका संध्याकाळी मी थकले होते, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, “आत्याचा फोन होता. म्हणाली, दादाला नाही जमायचं. लहानपणी औषधाचा चमचा दिसला की पलंगाखाली शिरायचा.” का म्हटलं, मलाच माहीत नाही. तुझा फोन कुठून येणार? पण बाबांनी मान वळवली. आवाज, आत्या! बसस्थानकावरचा आवाज! “पलंगाखाली ती शिरायची! मी बाहेर उभा राहून तिच्या वाटचं कडू प्यायचो आणि आईला सांगायचो, प्यायली ती!” आणि त्या रागात त्यांनी कप उचलला आणि अर्धा संपवला. ठसका नाही, काही नाही. कप आपटला आणि म्हणाले, “सांग तिला.”

म्हणून मी रोज तुझ्या नावाने बोलायला लागले. क्षमा कर, पण तू फार उपयोगी पडलीस. “आत्या म्हणते, दादाच्या उच्चारांमुळे लोक चुकीच्या गाडीत बसायचे.” पाऊण कप. “आत्या म्हणते, दादाला काठी शोभते, आधीपासूनच म्हातारा होता.” एक कप आणि वर सूप. मी ऑफिसात बसून तुझे टोमणे तयार करत होते. रंगापेक्षा त्यांच्यावर जास्त मेहनत घेतली. बाबांना तरतरी आली, जेवताना आपणहून विचारायचे, आज काय म्हणाली? मला वाटलं, नळी टळली. मला वाटलं, मी तुम्हा दोघांचं भांडण मिटवलं, तेही भांडण चालू ठेवून.

आणि मग मी माती खाल्ली. त्या दिवशी ते जरा थकलेले दिसले. माझा जीव कळवळला. मी म्हटलं, “आत्या म्हणते, दादाने स्वतःला जपावं.” त्यांनी कप अर्ध्यावर थांबवला. “हे ती म्हणाली?” म्हटलं, हो. “मेली तरी असं म्हणायची नाही.” कप खाली ठेवला. मग खूप वेळाने, आधीचं सगळं एकामागून एक आठवत असावेत तसं, म्हणाले, “तिचा फोन आलाच नव्हता. एकदाही.” मग म्हणाले, “लाव. आत्ता लाव.” मी लावला. रिंग वाजत होती तोवर त्यांनी कप पुन्हा उचलून हातात धरला होता. तू उचलला नाहीस. रिंग संपली आणि कप खाली गेला. त्या दिवसापासून पुन्हा भिंत.

तर असं आहे सगळं. बाकी विशेष काही नाही, सहज लिहावंसं वाटलं. गुडघ्याला जप. बोक्याला माझा नमस्कार (वयाने तो आता माझ्यापेक्षा मोठाच असणार). उत्तराची वाट बघत नाही, म्हणजे तुला त्रास नको.

तुझी,
घट्ट-पातळ बघणारी भाची

ता. क. – साहेबांनी फळी फेकली नाही. मुंग्या झटकून, वरून वार्निश मारून आपल्या खोलीत लावली आहे. त्या रंगाची कृती ते अजून मागतात. मी म्हटलं, नासतो. ते म्हणाले, सगळंच नासतं. त्यांची आई मागच्या वर्षी गेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ता. क. – वर लिहिलं की विशेष काही नाही, ते खोटं आहे. तपासणी येत्या आठवड्यात आहे. त्या भांडणाबद्दल मी कधी बोलले नाही, आज बोलते. आई जाऊन काही महिनेच झाले होते. तू स्वयंपाकघरात शिरून चहा केलास आणि बाबा म्हणाले, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? तू पिशवी उचललीस आणि म्हणालीस, या घरचं पाणी आता माझ्या घशाखाली उतरायचं नाही. मला आता वाटतं, तुझा चहा वाईट नव्हता. आईसारखा नव्हता, एवढंच. आणि तो कोणालाच जमला नसता. त्यांनाही हे कळतं. पण कळणं आणि वाहणं यांत फार अंतर असतं, हे मी तुला शास्त्राच्या आधाराने सांगू शकते.

ता. क. – तुझी शपथ मोडायला मी सांगणार नाही. पण नीट विचार कर: या घरात आता कोणी पाणी पीतच नाही. जे पितात त्याला पाणी म्हणता येणार नाही. आमच्या साहेबांनी ते रंग म्हणून पास केलंय. तेव्हा तू इथे येऊन, दादासमोर बसून, एक कप घेतलास तर शपथ शाबूत राहते. चव भयंकर आहे. कडू औषधाच्या बरोबरीची. कोणी कोणाच्या वाटचं किती प्यायलं होतं, हे मी काढत नाही.

ता. क. (शेवटचं) – तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तुम्हा बहीणभावांत एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा मऊ नाही. मग एवढंच कर. नाही हे पत्राने कळवू नकोस. इथे येऊन म्हण. आत येऊ नकोस हवं तर, चपलाही काढू नकोस. दाराच्या चौकटीला हात टेक आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हण. मी कप भरून त्यांच्या हातात देऊन ठेवते.